विश्लेषण : एक बँक, दोन देश! फाळणीनंतर पाकिस्तानचीही तिजोरी सांभाळणारे चिंतामणराव देशमुख कोण होते?

शहापूर : स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या ठाणे जिल्ह्यातील मुलांना चिंतामणराव देशमुख हे नाव पाठ असते. ठाणे महापालिकेची यूपीएससी प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने चालते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारा नेता, हे तीन मुद्दे बहुतेकांच्या नोट्समध्ये असतात. चौथा मुद्दा सहसा नसतो. फाळणीनंतरचे साडेदहा महिने देशमुख ज्या बँकेचे प्रमुख होते, ती भारताबरोबर पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती.

त्याच काळात पाकिस्तानच्या नोटा भारतात छापल्या जात होत्या आणि त्याही शहापूरपासून फार लांब नाही. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की पुढे नाशिक रोड येते. तिथल्या सरकारी छापखान्यात भारताच्याच नोटेवर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान आणि उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान अशी अक्षरे उमटत आणि ती नोट सीमेपलीकडे जाई. अशा काही नोटांवर सही होती सी. डी. देशमुख यांची. तिकडे काश्मीरमध्ये युद्ध सुरू होते.

मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारा सगळा माल बंद केला. आज या दोन देशांत साधा व्यापारही नाही. त्यांची तिजोरी एकेकाळी एकाच बँकेत होती, यावर म्हणूनच पटकन विश्वास बसत नाही. ही व्यवस्था कशी चालली, कुठे अडली आणि ती चालवणारा कोकणातला हा माणूस कोण होता, हे जाणून घेऊ.

रोह्याचा मुलगा आणि मुरबाडकराच्या नावाची शिष्यवृत्ती

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. गाव महाडजवळचे नाते, रायगड किल्ल्याच्या वाटेवरचे. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील द्वारकानाथ रोह्यात वकिली करत. बालपण रोहा परिसरात गेले आणि पुढच्या शिक्षणासाठी मुलगा मुंबईला आला.

१९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत देशमुख पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. दहावीला संस्कृत घेणाऱ्या मुलांना हे नाव आजही परिचयाचे आहे. ज्यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती, ते नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे. मुंबईचा हा मोठा व्यापारी इतका विश्वासू मानला जाई, की अरब आणि अफगाण व्यापारीही बँकेऐवजी त्यांच्याकडे पैसे ठेवत. परक्या देशाच्या माणसाने आपल्याकडे पैसा ठेवावा आणि निश्चिंत राहावे, हाच पेच पुढे देशमुखांसमोर वेगळ्या रूपात येणार होता.

केंब्रिजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळाले. म्हणजे पुढे देशाचे चलन सांभाळणारा हा माणूस पदवीने अर्थशास्त्रज्ञ नव्हता. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नेमणूक झाली आणि पुढची वीसेक वर्षे जमीन महसूल, सचिवालय आणि अर्थखाते यांत गेली. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवांपैकी एक होते. गांधीजी ज्या परिषदेला गेले होते, तीच ही परिषद.

रिझर्व्ह बँकेत कसे आले?

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले ते बँक आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून. पुढे बँकेचे सचिव, मग १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे १९४३ मध्ये पदावर असतानाच निधन झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले. या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय.

वेळ वाईट होती. महायुद्ध चालू, महागाई भडकलेली, बंगालमध्ये दुष्काळ. ब्रिटन युद्धासाठी भारतातून माल उचलत होता आणि त्याबदल्यात लंडनमध्ये पौंडांत उधारी लिहून ठेवत होता. ही उधारी वाढत जाऊन प्रचंड झाली. १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घातला गेला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. आर. के. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफही सोबत होते. यातले चेट्टी हे नाव लक्षात ठेवा.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शेजारी देशाची बँक होण्याचा अनुभव रिझर्व्ह बँकेला आधीच होता. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, १९३७ मध्ये भारतापासून वेगळा झाला. तरी त्याची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच राहिली. मध्ये जपानी सैन्य आले तेव्हा काम थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले आणि एप्रिल १९४७ पर्यंत चालले. त्यामुळे एका बँकेने दोन देशांचे काम पाहणे ही कल्पना देशमुखांच्या बँकेला नवी नव्हती. मात्र ब्रह्मदेश आणि भारत तेव्हा एकाच साम्राज्याचे भाग होते आणि एकमेकांशी लढत नव्हते. खरा फरक तिथे होता.

एका बँकेत दोन सरकारे, ही व्यवस्था काय होती?

फाळणीत रेल्वेचे डबे, सरकारी टेबले, टाइपरायटर, अगदी ग्रंथालयातली पुस्तकेसुद्धा वाटली गेली. चलन तसे वाटता येत नाही. १४ ऑगस्टच्या रात्री कराचीतल्या दुकानदाराच्या गल्ल्यात होती तीच नोट १५ ऑगस्टच्या सकाळी मुंबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यात होती. पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती, नोटा छापणारा छापखाना नव्हता आणि नाशिकचे यंत्र अर्धे कापून देता येणार नव्हते.

म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये एका आदेशाद्वारे ठरले की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचे चलन पाहील. ३१ मार्च १९४८ पर्यंत दोन्हीकडे एकच नोट चालेल. १ एप्रिलपासून पाकिस्तानात त्या देशाचे नाव असलेल्या नोटा येतील. या नोटा फक्त पाकिस्तानात चालतील, भारतीय नोटा मात्र आणखी काही काळ तिकडेही घेतल्या जातील. पुढे पाकिस्तानने आपल्याकडच्या भारतीय नोटा गोळा करून परत द्यायच्या आणि त्या बदल्यात रिझर्व्ह बँकेकडच्या सोन्यातला, रोख्यांतला आणि पौंडांतला हिस्सा घ्यायचा.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. नोट म्हणजे बँकेने लिहून दिलेली चिठ्ठी. तिच्यामागे बँकेकडे सोने, रोखे असे काहीतरी असते. जितक्या चिठ्ठ्या पाकिस्तानात फिरत होत्या, तितक्यांच्या मागचा ऐवज पाकिस्तानचा. तत्त्व सोपे होते. पण कोणती नोट कुठे फिरते हे नोटेवर लिहिलेले नसते आणि लाखो माणसे घरदार सोडून सीमा ओलांडत असताना तर नाहीच.

सोप्या भाषेत, दोन कंपन्यांनी एकच सर्व्हर वापरायचा आणि त्याचा पासवर्ड एका कंपनीच्या शहरात राहणाऱ्या माणसाकडे ठेवायचा, अशी ती रचना होती. तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी दुसऱ्या कंपनीला रात्री झोप लागणे कठीण.

देशमुखांना आता दोन अर्थमंत्री होते. दिल्लीत ब्रेटन वुड्सचे जुने सहकारी षण्मुखम चेट्टी आणि कराचीत गुलाम मोहम्मद. हे गुलाम मोहम्मद म्हणजे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीतले मोहम्मद. ते पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. शहापूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बोलेरोच्या नावामागेही फाळणीची ही गोष्ट आहे. ओळखीपाळखीची माणसे दोन बाजूंना गेली होती. सुरुवातीला गाडी चालली ती बहुधा या ओळखींमुळेच.

५५ कोटींचे प्रकरण नेमके काय?

अविभक्त भारत सरकारच्या रोख शिलकीतून पाकिस्तानला ७५ कोटी रुपये द्यायचे ठरले. त्यातले २० कोटी स्वातंत्र्याच्या वेळीच दिले गेले. उरलेल्या ५५ कोटींचा आकडा डिसेंबर १९४७ पर्यंत दोन्ही सरकारांनी मान्य केला. इतर मालमत्ता आणि देणी यांचे प्रमाणही ठरले. भारत साडेब्याऐंशी टक्के, पाकिस्तान साडेसतरा टक्के. जुन्या सरकारी कर्जाची जबाबदारी भारताने घेतली आणि पाकिस्तानने आपला वाटा पुढे पन्नास वार्षिक हप्त्यांत भारताला फेडायचा असे ठरले.

कागदावर सहकार्याचा हा उत्तम नमुना होता. पण ऑक्टोबरपासून काश्मीर पेटले होते. ५५ कोटी दिले तर त्याच पैशातून आपल्यावर गोळ्या झाडल्या जातील, अशी दिल्लीची भीती होती. काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत रक्कम रोखायची असे मंत्रिमंडळाने ठरवले आणि जानेवारी १९४८ च्या सुरुवातीला हे उघड झाले.

कराचीची स्थिती बिकट होती. नवे सरकार, निर्वासितांचे लोंढे, पगाराला पैसा नाही. पाकिस्तानने थेट रिझर्व्ह बँकेकडे धाव घेतली. बँक आमचीही आहे, मग आमचा पैसा आमच्या खात्यात टाका, असा त्यांच्या मागणीचा अर्थ होता. तात्पुरती उचलही मागण्यात आली.

देशमुखांची खरी कसोटी इथे लागली. त्यांच्यासमोरचा प्रश्न देशभक्तीचा नव्हता, खात्याचा होता. ते ५५ कोटी भारत सरकारच्या खात्यात होते. खातेदाराच्या आदेशाशिवाय बँक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवू शकत नाही. शहापूरच्या कुठल्याही बँक शाखेतला कॅशिअरही हेच सांगेल. दुसरीकडे पाकिस्तानची शंकाही पूर्ण निराधार म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँक तेव्हा खासगी भागधारकांची होती, तिचे राष्ट्रीयीकरण झाले १ जानेवारी १९४९ रोजी. तरी गव्हर्नर नेमणारे सरकार दिल्लीचेच. बँक दिल्लीच्या तंत्राने चालते, ही तक्रार कराचीतून येऊ लागली आणि एकदा अशी शंका आली की नियम कितीही चोख पाळले तरी ती जात नाही.

१३ जानेवारीला गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केले. त्याचे जाहीर कारण दिल्लीतला धार्मिक हिंसाचार थांबवणे हे होते आणि उपोषण सोडण्याच्या अटींमध्ये ५५ कोटींचा मुद्दा नव्हता. मात्र दिलेला शब्द मोडू नये असे त्यांचे मत होतेच. १५ जानेवारीला सरकारने निर्णय फिरवला आणि रक्कम देण्याचे जाहीर केले. १८ जानेवारीला उपोषण सुटले. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. सोशल मीडियावर दरवर्षी जानेवारीत ५५ कोटींच्या पोस्ट फिरतात. ती रक्कम म्हणजे दान किंवा खैरात नव्हती. दोन्ही सरकारांनी मान्य केलेल्या वाटणीचा तो उरलेला हिस्सा होता, एवढे तरी ती पोस्ट पुढे पाठवण्याआधी लक्षात घ्यायला हरकत नाही.

संसार मोडला, पण हिशेबाने

पैसे मिळाले, विश्वास मात्र परतला नाही. दरम्यान व्यापारातही भिंती उभ्या राहत होत्या. फेब्रुवारी १९४८ अखेरपर्यंत दोन्ही देशांत माल जकातीशिवाय जात होता. १ मार्चपासून जकातीच्या दृष्टीने दोघेही एकमेकांना परदेश झाले. सिंधचा कापूस मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना लागत होता, पूर्व बंगालचा ताग कोलकात्याच्या गिरण्यांना. शेती एका देशात, कारखाना दुसऱ्या देशात अशी फाळणी झाली होती.

पाकिस्तानला आता स्वतःची बँक लवकर हवी होती. ३० सप्टेंबरची मुदत तीन महिने आधी आणून ३० जून करण्यात आली. १ जुलै १९४८ रोजी कराचीत महंमद अली जिना यांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन झाले. जिना तेव्हा अत्यंत आजारी होते आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. रिझर्व्ह बँकेच्या कराची, लाहोरमधल्या कचेऱ्या नव्या बँकेकडे गेल्या.

या साडेदहा महिन्यांत दोन्ही देशांत जे जे काही मोडले, त्यात चलन मोडले नाही. लाहोरमध्ये किंवा अमृतसरमध्ये लोकांच्या हातातली नोट एका रात्रीत कागद ठरली नाही. २०१६ ची नोटाबंदी अनुभवलेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. दंगली, निर्वासित, युद्ध, त्यात नोटही रद्दी झाली असती तर काय झाले असते याची कल्पनाच करावी. देशमुखांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे काम असावे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. न घडलेल्या संकटाची बातमी होत नाही, हे यामागचे साधे कारण.

शंभराचे एकशे चव्वेचाळीस

३० जून १९४९ रोजी देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज होत्या. १९२० मध्ये झालेला हा विवाह रोझिना यांच्या निधनाने १९४९ मध्येच संपला. निवृत्तीनंतर नेहरूंनी देशमुखांना सोडले नाही. आधी अमेरिका आणि युरोपात आर्थिक वाटाघाटींसाठी खास दूत, मग नव्या नियोजन आयोगाचे सदस्य आणि १ जून १९५० पासून देशाचे अर्थमंत्री.

खुर्चीवर बसताच समोर पुन्हा पाकिस्तान होता. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने रुपया त्याच प्रमाणात, साधारण ३० टक्क्यांनी उतरवला. एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे पडत, ते ४ रुपये ७६ पैसे झाले (तेव्हा हिशेब आण्यांत होता, पैशांत इथे सोयीसाठी दिला आहे). पाकिस्तानने मात्र आपला रुपया उतरवला नाही. कालपर्यंत शंभराला शंभर असणारे दोन रुपये एका दिवसात वेगळे झाले. पाकिस्तानच्या शंभर रुपयांना भारताचे १४४ रुपये.

याचा फटका कसा बसला? कोलकात्याच्या गिरणीला शंभर रुपयांचा ताग आता १४४ रुपयांना पडणार होता. भारताने हा दर मानायलाच नकार दिला. व्यापार जवळपास थांबला. ताग तिकडे पडून राहिला, इकडून जाणारा कोळसा थांबला. नुकसान दोघांचे होते, पण आधी माघार कोणी घ्यायची हा प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि लियाकत अली यांच्यात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला, त्यानंतर थोडा माल हलला. दराची गाठ मात्र तशीच राहिली.

मग जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि जगभर कच्च्या मालाचे भाव चढले. पाकिस्तानचा ताग आणि कापूस महाग दरानेही विकला जाऊ लागला. पाकिस्तानचा रुपया आपोआप घसरेल, ही दिल्लीची अपेक्षा फोल ठरली. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये कराचीत व्यापार करार झाला आणि भारताने १४४ चा दर मान्य केला. अर्थमंत्री होते देशमुख.

हा पराभव होता का? त्या वेळी तसे म्हणणारे होते. आकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. गिरण्या तागाविना बसवून ठेवण्यापेक्षा महाग ताग घेऊन चालवणे स्वस्त होते. शिवाय याच काळात भारताने स्वतःच्या शेतात तागाची लागवड वाढवायला सुरुवात केली होती, म्हणजे पुढची अडवणूक कमी होणार होती. जुलै १९५५ मध्ये पाकिस्तानलाही आपला रुपया उतरवावा लागला आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले. चार वर्षे थांबून भारताने दर मान्य केला असता तर फायदा कोणाचा झाला असता, हा प्रश्न विचारून पाहावा.

मुंबईसाठी राजीनामा

अर्थमंत्री म्हणून देशमुखांच्या नावावर बरेच काही आहे. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची झालेली स्टेट बँक, १९५६ मध्ये आयुर्विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण. गावागावात एलआयसीचे एजंट दिसतात त्याचे मूळ इथे आहे. या सगळ्यावर स्वतंत्र लेख होईल.

१९५२ च्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले होते. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य आणि आंध्रातल्या मोठ्या समाजकार्यकर्त्या.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. शहर पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. त्यांना थांबवून ठेवण्यात आले, पण जुलैमध्ये ते बाहेर पडलेच. गोळीबाराची चौकशी झाली नाही, हा त्यांच्या नाराजीचा मोठा भाग होता. सत्तेत असताना ते रस्त्यावरचे नेते कधीच नव्हते, त्यामुळे हा निर्णय अनेकांना अनपेक्षित वाटला. आधीची कारकीर्द पाहिली तर तसा वाटू नये. ठरलेली प्रक्रिया पाळली जात नाही तिथे थांबायचे नाही, हा त्यांचा जुना स्वभाव होता.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि ते तिसरे आले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मॅट्रिकला ज्या संस्कृतने पहिली शिष्यवृत्ती दिली, ती भाषा त्यांनी सोडली नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, हैदराबादमध्ये देशमुखांचे निधन झाले.

मग तो हिशेब पूर्ण झाला का?

नाही. जुन्या कर्जाचे पाकिस्तानचे हप्ते १९५२ पासून सुरू व्हायचे होते. ते कधीच सुरू झाले नाहीत. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत फाळणीपूर्व कर्जातला वाटा म्हणून पाकिस्तानकडून येणे असलेले सुमारे ३०० कोटी रुपये अनेक दशके एका ओळीत दाखवले जात आहेत.

पाकिस्तानची बाजूही कागदावर आहे. नोटांच्या बदल्यात आपल्याला मिळायचा सगळा ऐवज भारताने दिला नाही, असा त्यांचा दावा आहे. त्यामुळे स्टेट बँक ऑफ पाकिस्तानच्या ताळेबंदात रिझर्व्ह बँकेकडे असलेली मालमत्ता म्हणून सोने, पौंडांतले रोखे आणि भारतीय नोटा वेगळ्या दाखवल्या जातात. सोन्याचा भाव वाढला की तो आकडाही वाढतो.